इरकलचा काठ, ओटीचा खण आणि हातभर लेस: कातरणातून जपून ठेवण्याजोग्या वस्तू

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घराघरांत एक ट्रंक असते. तिच्यात आज्जीच्या इरकलचा पदर, ओटीत आलेले आणि कधीच न शिवलेले दहा-पंधरा खण, शहापुरी साडीचा निघालेला काठ, परकराला लावलेली सुती लेस आणि क्रोशाचे रुमाल पडून असतात. पुरं वस्त्र होणार नाही आणि टाकवतही नाही, असं हे कापड. त्यातून बाळाची कुंची, बटवा, लेस लावलेला रुमाल, वाळ्याची उशी अशा लहान वस्तू उत्तम होतात. मात्र एक नियम पाळावा लागतो: जुन्या कापडावर ओझं टाकायचं नाही. जुनं कापड दिसण्यासाठी, नवं कापड सोसण्यासाठी. ताण, घर्षण, शिलाईची ओढ हे सगळं अस्तराने घ्यायचं. शिवलेली वस्तू दोन वर्षांत फाटते तेव्हा जवळजवळ नेहमी हाच नियम मोडलेला असतो.

आधी कापडाची परीक्षा

कात्री हातात घेण्यापूर्वी प्रत्येक तुकडा खिडकीसमोर धरून बघा. उजेड जिथून ठिपक्या-ठिपक्यांनी आरपार येतो, तिथलं कापड संपलेलं असतं. मग तुकडा दोन्ही हातांच्या अंगठ्यांत दोन इंच अंतरावर धरून हलकेच ताणा, आधी उभा, मग आडवा. ‘कर्र’ असा बारीक आवाज आला किंवा धागे सरकून फट पडली, तर तो भाग शिवणीत घेऊ नका. इरकलमध्ये आडवं ताणून बघणं जास्त महत्त्वाचं, कारण पुष्कळ साड्यांत एका दिशेचा धागा सुती आणि दुसऱ्या दिशेचा रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो. दोन्ही सारखे झिजत नाहीत.

साडी कुठे विरते हे माहीत असलं की चांगलं कापड पटकन सापडतं. खालचा काठ जमिनीला घासून जातो. घड्यांच्या रेषांवर धागे मोडतात. खांद्यावरचा पदराचा भाग घामाने आणि पिनांनी जातो. याउलट नेसताना आत खोचलं जाणारं टोक आणि वरचा काठ पुष्कळदा नव्यासारखे राहतात. रंगही तिथेच टिकलेला असतो. कुंचीसाठी किंवा बटव्यासाठी काठ हवा असेल तर वरचाच घ्या.

धागा कशाचा आहे हे कळायला सुटलेले दोन-तीन धागे चिमट्यात धरून स्टीलच्या ताटावर जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि राख मऊ, राखाडी पडते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि काळा, चिमटीत चुरणारा गोळा उरतो. कृत्रिम रेशीमही कागदासारखंच जळतं. नायलॉन-पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. लेसची ही परीक्षा चुकवू नका, कारण इस्त्री किती तापवायची आणि डाग कशाने काढायचे हे त्यावरच ठरतं.

कृत्रिम रेशमाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा: ते ओलं असताना निम्म्याहून कमी ताकदीचं होऊ शकतं. पिळलं की फाटलंच. धुताना परातीत बुडवा, दाबा, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत पसरून वाळवा.

रंग जातो का ते बघायला पांढऱ्या सुती फडक्याचा कोपरा ओला करून कापडाच्या आतल्या बाजूला ठेवा, वरून कोमट इस्त्री दहा सेकंद दाबा. फडक्यावर लाल-जांभळा डाग उमटला तर ते कापड पांढऱ्या लेसशेजारी कधीच लावू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सांगतात. तयार कापडाचा कच्चा रंग त्याने पक्का होत नाही. रंग जाणाऱ्या खणाला गडद लेस लावा, किंवा अशी वस्तू शिवा जी कधी धुवायची नाही, जसं की वाळ्याची उशी.

जुनी लेस पांढरी करणं

सुती लेस पिवळी पडली असेल तर कोमट पाण्यात सौम्य साबण घालून रात्रभर भिजवा, सकाळी पाणी बदला. पहिलं पाणी चहासारखं झालं तर घाबरू नका, तो जुना मळ आणि खळ असते. दोन-तीन पाण्यांत काम होतं. चोळायचं अजिबात नाही. लेस बारीक जाळीच्या पिशवीत किंवा स्वच्छ ओढणीच्या पुरचुंडीत बांधून मगच हलवा. क्लोरीनचं ब्लीच रेशमाला आणि लोकरीला खातं आणि नायलॉन त्याने आणखी पिवळं पडतं, म्हणून ते दूरच ठेवा.

ट्रंकेतल्या लोखंडाचे किंवा सेफ्टी पिनेचे तांबूस डाग असतील तर लिंबाचा रस आणि मीठ लावून अर्धा तास उन्हात ठेवता येतं, पण फक्त पांढऱ्या सुती लेसवर आणि नंतर तीन-चार पाण्यांतून काढून. लिंबाचा अंश कापडात राहिला तर वर्षभरात तिथेच भोक पडतं.

वाळवताना लेस दोरीवर टाकू नका. उशीवर किंवा जाड टॉवेलवर पसरून, तिच्या टोकाटोकांना गंज न चढणाऱ्या टाचण्या लावून मूळ आकारात बसवा. मग इस्त्रीची फारशी गरज उरत नाही. करायचीच झाली तर टॉवेलवर लेस उलटी ठेवून करा, म्हणजे नक्षीचा उठाव चपटा होत नाही.

नवी सुती लेस विकत घेतली असेल तरी ती आधी भिजवून वाळवायची. सुती लेस आकसते. आधी न भिजवलेली लेस जुन्या, धुऊन-धुऊन आकसून बसलेल्या मलमलला लावली, तर पहिल्या धुण्यात रुमालाची कड गोळा होते. बेळगावच्या खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत लेस घेताना मोजमापापेक्षा पाव मीटर जास्तच घ्या.

काय कुठे कापायचं नाही

इरकलचं अंग आणि पदर हे वेगवेगळ्या ताण्यांचे असतात. विणताना अंगाच्या ताण्याचे आणि पदराच्या ताण्याचे फासे एकमेकांत अडकवून ते जोडतात. या पद्धतीला टोप-तेनी म्हणतात, त्या जोडाला इथे नुसतं टोप म्हणू. हे फासे दिसायला सुंदर, पण जोड फक्त त्यांच्यावरच उभा असतो. टोपाच्या जवळून कात्री नेली तर तुकडा हातात दोन होऊन येतो. टोप ठेवूनच तुकडा हवा असेल, तर आधी मागून मलमलचा तुकडा लावा, टोपाच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर हाताने धावदोऱ्याची एकेक ओळ घाला आणि मगच कापा. कात्री टोपापासून किमान एक इंच लांब ठेवा.

कशिद्याचंही तसंच. या भागातल्या कसुतीत गाठ मारत नाहीत. गवंती आणि मुर्गी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, त्याचं कारण तेच. म्हणून कसुतीच्या फुलाला अगदी खेटून कापलं की दोरा धरायला काही उरत नाही आणि गोपुर असो, तुळशीवृंदावन असो, हत्ती असो, कडेकडून उसवत जातो. नक्षीच्या बाहेर अर्धा इंच सोडा. तो अर्धा इंच शिवणीत जाऊ देऊ नका, शिवण त्याच्याही बाहेर.

क्रोशा कापायचा नाही हे सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं. क्रोशाचा एकच दोरा पुढे पुढे गेलेला असतो, एका जागी तुटला की ओळच्या ओळ उसवते. अख्खा रुमाल, अख्खं फूल किंवा अख्खी पट्टी असेल तशीच वापरा. फारच अडलं तर कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना मशीनच्या बारीक टिपेच्या दोन-दोन ओळी घाला, मधून कापा आणि ती कड शिवणीत पुरी लपवा.

अस्तर, सुई, दोरा

अस्तराला नवं पण धुतलेलं मलमल किंवा कॅम्ब्रिक वापरा. पॉलिएस्टरचं तयार अस्तर निसरडं असतं, शिवताना सरकतं आणि बाळाच्या कातडीला गरम लागतं. इस्त्रीने चिकटवायचं कॅनव्हास टाळा. त्याला लागणारी उष्णता जुन्या रेशमाला सोसत नाही आणि काही धुण्यांनंतर गोंद सुटून कापडावर फुगे येतात. त्याऐवजी जुन्या तुकड्याच्या मागे त्याच मापाचं मलमल ठेवून दीड-दीड इंचावर कच्चे टाके घाला. यात अर्धा तास जातो. पुढची सगळी शिवण हे दोन थर एक समजून करायची आणि वस्तू पुरी झाल्यावर दिसणारे कच्चे टाके काढून टाकायचे.

मशीनला मलमलसाठी 11 नंबरची सुई, खणाला अस्तर असेल तर 14 नंबरची. सुई नवीच घाला. बोथट सुई रेशमाचा धागा कापत नाही, ओढते, आणि मग टिपेच्या दोन्ही बाजूंना बारीक आडव्या रेघा उठतात. हाताच्या कामाला बारीक सुई आणि सुती दोरा. जुन्या सुताला पॉलिएस्टरचा दोरा लावला की दोरा टिकतो आणि कापड त्याच्या कडेने कापलं जातं. कधीतरी काही तुटणारच असेल तर दोरा तुटलेला बरा, तो पुन्हा घालता येतो.

लेस जोडण्याचं काम

सगळ्या वस्तूंत खरी कसोटी इथेच आहे, म्हणून यावर सावकाश बोलू.

विणीच्या सुती लेसची सरळ कड बोटांत धरून नीट बघा. त्या कडेत एक किंवा दोन धागे बाकीच्यांपेक्षा जाड आणि सरळ गेलेले असतात. सुईच्या टोकाने त्यातला सगळ्यांत बाहेरचा धागा उचला आणि हलकेच ओढा. लेस आपोआप चुणत जाते, एकसारखी, शिलाईच्या चुण्यांपेक्षा कितीतरी नाजूक. हा ओढदोरा. अर्धा मीटरपेक्षा जास्त लेस एका बाजूने ओढू नका. मधोमध दोरा उचलून दोन्हीकडे ओढा, नाहीतर तो तुटतो आणि मग ती सगळी लांबी हाताने धावदोरा घालून चुणावी लागते. नायलॉनच्या लेसमध्ये असा धागा पुष्कळदा नसतो, तिथे धावदोऱ्याला पर्याय नाही.

चुण्या किती? कुंचीच्या तोंडाला दीडपट, बटव्याच्या तोंडाला सपाट, रुमालाला कडा सपाट आणि फक्त कोपऱ्यांवर चुण्या. दुप्पट लेस घातली की भरगच्च दिसेल असं वाटतं, पण रुंद लेसला दुप्पट चुण्या घातल्या की नक्षीच दिसत नाही.

मलमलला लेस हाताने जोडायची पद्धत अशी. कापडाची कड स्वच्छ कापलेली हवी, धागे निघालेली नको. डाव्या हाताचा अंगठा किंचित ओला करून कड आतल्या बाजूला गुंडाळा, वातीसारखी. वात टाचणीच्या जाडीची राहिली पाहिजे. उदबत्तीएवढी झाली तर कड कापून पुन्हा सुरुवात करा. आता लेसची सरळ कड या गुंडाळीला खेटून, सुलटीवर सुलट बाजू ठेवून, धरा. सुई लेसच्या कडेतून आणि गुंडाळीच्या खालून काढा, पुन्हा वरून घ्या. इंचाला 14 ते 16 टाके. दर दोन इंचांनी थांबून लेस उघडून बघा; टाके फार घट्ट असतील तर कड लाटेसारखी उठते, तेवढेच उसवा आणि पुढे चला. टाके सैल असतील तर धुतल्यावर लेस आणि कापड यांच्यात फटी दिसतात.

पायमशीनवर फक्त सरळ टीप असेल तरी लेस छान बसते. कड पाव इंच आत दुमडून इस्त्री करा, लेसची सरळ कड दुमडीच्या वर अगदी थोडी, दोन-तीन धाग्यांएवढी, चढवून ठेवा आणि त्या जाड धाग्यांच्या मधून टीप घाला. मशीनच्या पायाचा दाब एक फेरा कमी करा. खाली पतंगाचा कागद ठेवा म्हणजे लेस दातऱ्यांत ओढली जात नाही. टीप झाल्यावर कागद टिपेच्या रेषेने हलकेच फाडून काढायचा. वर्तमानपत्राचा कागद नको, त्याची शाई पांढऱ्या लेसला लागते आणि निघत नाही. टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा. नाहीतर पहिल्या तीन टाक्यांतच लेस प्लेटच्या भोकात जाते आणि तिथे कात्री घालायची वेळ येते.

लेसची दोन टोकं जोडायची तर सरळ शिवण घालू नका, ती आडव्या काठीसारखी दिसते. एका टोकावर दुसरं टोक एक पूर्ण फूल येईल इतकं चढवा, नक्षीवर नक्षी जुळवा. फुलाच्या बाह्यरेषेवरून दोन्ही थर धरून बारीक गुंडाळे टाके घाला. मग वरच्या आणि खालच्या थरातली जास्तीची जाळी टाक्यांना लागून कापा. नीट जमलं तर जोड शोधावा लागतो.

लेस लावलेला रुमाल

हात बसण्यासाठी हाच आधी करावा. जुन्या धोतराचं किंवा मलमलच्या साडीचं चांगलं कापड साडेदहा इंच चौरस कापा. कापण्यापूर्वी एक धागा ओढून काढा आणि त्या रेषेवरून कात्री चालवा, नाहीतर धुतल्यावर रुमाल शंकरपाळ्यासारखा तिरका होतो. कडा गुंडाळल्यावर 10 इंच उरतील.

एक इंच रुंदीची लेस असेल तर हिशेब असा: चार बाजूंचे 40 इंच, प्रत्येक कोपऱ्याला लेसच्या रुंदीच्या दुप्पट म्हणजे 2 इंच, चार कोपऱ्यांचे 8, जोडाला 1. एकूण 49 इंच. दीड मीटर घ्या. सुरुवात कोपऱ्यापासून करू नका, एका बाजूच्या मध्यापासून करा, म्हणजे जोड सपाट जागी येतो. कोपऱ्यापाशी आलात की अलीकडे अर्धा इंच थांबा, ओढदोरा ओढून 2 इंच जास्तीची लेस त्या टोकाभोवती गोळा करा, दोन टाचण्या लावा आणि वळा. कोपऱ्यात लेस कमी पडली की ती वाटीसारखी आत वळते. रुमाल सपाट ठेवूनही कोपरे उभे राहत असतील तर कारण हेच, इस्त्रीने ते जात नाही.

कुंची

बारशाला बाळाला आज्जीकडची कुंची घालायची आपल्याकडे पद्धत आहेच. त्यासाठी ओटीतला एक अख्खा खण पुरतो. तुकडेच असतील तर घेरासाठी पट्ट्या जोडून घ्या. जोड उभे ठेवा, आडवा जोड बाळाच्या पाठीखाली बोचतो.

सुरुवातीच्या तीन महिन्यांच्या बाळासाठी डोक्याचा तुकडा 15 इंच लांब, 7 इंच रुंद. घेराचा तुकडा 21 इंच लांब, 13 इंच रुंद. दोन्हींचं तेवढ्याच मापाचं मलमलचं अस्तर. साडेबावीस इंच लेस. बांधायला पाऊण इंच रुंदीच्या मऊ कापडी बंदाचे 8-8 इंचाचे दोन तुकडे. सहा महिन्यांच्या बाळाला डोक्याचा तुकडा 17 बाय 8 करा. शिवण सगळीकडे अर्धा इंच, कारण खणाच्या कडा भराभर सुटतात.

लेस ओढून 14 इंच करा. डोक्याच्या तुकड्याच्या 15 इंचांच्या एका बाजूवर, दोन्ही टोकांना अर्धा इंच सोडून, सुलट बाजूला लावा. लेसचं तोंड आतल्या बाजूला असू द्या. वर अस्तर सुलट बाजू खाली करून ठेवा, टीप घाला, उलटा. ही झाली कुंचीच्या तोंडाची कड. आता खण आणि अस्तर एक धरून, 15 इंचांची लांबी निम्मी होईल असा तुकडा दुमडा आणि मागची बाजू शिवा. अस्तराचे सुटे धागे नंतर बाळाच्या केसांत अडकतात, म्हणून ही शिवण आतून दुमडून हेमिंग करा. मागे वर जे टोक येतं ते चपटं करून त्यावर आडवी दीड इंचाची टीप घाला, म्हणजे डोकं गोल बसतं. टोक ठेवून त्याला गोंडा लावायची जुनी तऱ्हाही सुंदर दिसते. गोंडा लावला तर तो दोऱ्याने आरपार चार वेळा घट्ट शिवा. मणी, टिकल्या, घुंगरू बाळाच्या कुंचीला लावायचेच नाहीत, ते सुटले की थेट तोंडात जातात.

घेराचा खण आणि अस्तर सुलटीवर सुलट ठेवून दोन उभ्या बाजू आणि खालची बाजू शिवा, कोपरे तिरके छाटा, उलटा. इरकलचा काठ वापरायचा असेल तर तो याच खालच्या बाजूला यायला हवा, तिथे त्याचं वजन घेर खाली धरून ठेवतं. आता वरची 20 इंचाची कड 10 इंचावर आणायची आहे. खणाला दोन थरांत बारीक चुण्या नीट पडत नाहीत, गाठोडं होतं. त्याऐवजी चुणीमागे एक इंच कापड घेऊन 10 चुण्या घाला, पाच डावीकडे आणि पाच उजवीकडे, सगळ्यांची तोंडं पाठीच्या मध्याकडे.

डोक्याच्या भागाची खालची कड 12 इंचांच्या आसपास भरेल, तिला धावदोरा घालून 10 इंच करा. घेर आणि डोकं सुलटीवर सुलट जोडा. जोडताना बंदांची टोकं दोन्ही कडांना आतच पकडा आणि त्या जागी टीप तीनदा फिरवा. मानेची शिवण जाड आणि खरखरीत होते. तिच्यावर दीड इंच रुंदीची मलमलची उरेब पट्टी चढवून हाताने हेमिंग करा. पट्टी सरळ कापडाची कापली तर मानेच्या वळणावर बसत नाही, सुरकुत्या पडतात. बाळ झोपलं की कुंची काढून ठेवायची आणि बंद 8 इंचांपेक्षा लांब करायचे नाहीत.

बटवा

ब्लाउज बेतल्यावर शिंप्याकडून येणारं कातरण इथे कामी येतं. खणाचे साडेसहा बाय साडेआठ इंचाचे दोन तुकडे, तेवढेच अस्तराचे दोन, 13 इंच सपाट लेस, 20-20 इंचाच्या दोन नाड्या. शिवण पाव इंच.

खणाचे तुकडे सुलटीवर सुलट ठेवा. दोन्ही बाजूंना वरून 2 इंच शिवा, अर्धा इंच मोकळं सोडा, मग खालपर्यंत शिवून तळ बंद करा. त्या अर्ध्या इंचाच्या वर-खाली टाके मागे-पुढे पक्के करा. नाडी ओढताना सगळा जोर तिथेच येतो. अस्तराची पिशवीही तशीच शिवा, पण तळाला अडीच इंच उघडं ठेवा आणि बाजूला भोकं नकोत. खणाच्या पिशवीच्या तोंडाला लेस लावा, ती अस्तराच्या पिशवीत सुलटीवर सुलट घाला, तोंडाभोवती टीप घाला, तळाच्या भोकातून उलटा आणि भोक हाताने बंद करा. आता तोंडापासून पावणेदोन इंचावर आणि सव्वादोन इंचावर गोल दोन टिपा घाला. मधला अर्धा इंच म्हणजे नाडीचा मार्ग. एक नाडी डावीकडून घालून पूर्ण फेरा करून डावीकडेच बाहेर काढा, दुसरी उजवीकडून तशीच. दोन्ही एकदम ओढल्या की बटवा बंद होतो.

विरत आलेला पदर बटव्याला वापरायचा मोह आवरा. बटवा रोज चुरगळतो. पदराचा तुकडा हवाच असेल तर नव्या खणाच्या मधोमध त्याचा अडीच इंचाचा चौकोन लावा आणि चारी कडांवर लेस फिरवा. तिथे तो दिसतोही जास्त.

वाळ्याची उशी आणि उरलेल्याचं काय

साडेचार इंचाचे दोन चौकोन, एक जुन्या कापडाचा, एक नव्या सुती कापडाचा. आत मलमलची वेगळी पिशवी. ती नसेल तर वाळ्याच्या काड्या जुन्या रेशमातून टोचून बाहेर येतात. वाळा एक इंचाचे तुकडे करून दोन दिवस कडकडीत उन्हात वाळवा आणि मूठभर भरा. ओलसर वाळा भरला तर पंधरा दिवसांत बुरशीचा वास येतो.

यानंतरही चिंध्या उरतील. त्या बाळाच्या दुपट्याला किंवा लहान वाकळीला जातात. हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवताना कडेपासून सुरुवात करून फेरे घेत मध्याकडे येतात आणि कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात. लहान तुकड्यांना ही पद्धत फार सोयीची, कारण कापड बाहेरून आत ढकललं जात नाही, प्रत्येक फेऱ्याला सपाट करता येतं. वाकळीत रेशीम आणि सूत मिसळू नका.

चिठ्ठी आणि ठेवण

प्रत्येक वस्तूच्या अस्तराला दोन इंच लांब, एक इंच रुंद पांढऱ्या मलमलची चिठ्ठी शिवा. तिच्यावर पेन्सिलने लिहून उलट्या टिपेने भरा: कापड कुणाचं, कधीचं, शिवलं कधी. ‘आज्जीचं इरकल, कुंची 2025’ एवढं पुरे. पेनाची शाई धुण्यात पसरते.

खानापूर-बेळगावचा पाऊस जून ते सप्टेंबर सोडत नाही आणि त्या दमटपणात कापडाला बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. कसरीला खळ आवडते. म्हणून ठेवायच्या वस्तूंना खळ कधीच करू नका, लागली असेल तर धुऊन काढा. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी धुतलेल्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळा. लोखंडी ट्रंक असेल तर तळाला आणि कडांना सुती कापडाचे दोन थर द्या. डांबरगोळ्या कापडाला थेट लागू देऊ नका, पुरचुंडी करून कोपऱ्यात ठेवा. जरीच्या काठाजवळ तर नकोतच. दसऱ्यानंतर ऊन पडलं की सगळं बाहेर काढून सावलीत वारं द्या आणि घडी घालताना मागच्या रेषा सोडून दुसरीकडे मोडा. कुंचीची तर घडीच नको, डोक्याच्या भागात जुन्या मलमलचा बोळा भरून ती उभी ठेवा.